ऐकणारे यंत्र

टेलिफोनचा शोध कोणी लावला, असे विचारले तर शाळेतील कोणताही मुलगा किंवा मुलगी चटकन उत्तर देईल : अलेक्झांडर ग्रॅहम बेल. पण याच बेल यांनी आणखी एक यंत्र तयार केले होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ते यंत्र डोळ्यांना न दिसणारा धातू शोधत असे. आज त्याच जातीची यंत्रे विमानतळांवर दिसतात. वाळवंटात सोने शोधणाऱ्या हौशी माणसांच्या हातातही दिसतात. बेल यांनी मात्र ते यंत्र सोन्यासाठी बनवले नव्हते. एका जखमी माणसाचा जीव वाचावा म्हणून त्यांनी रात्रीचा दिवस केला होता. त्या धडपडीची ही कथा आहे.

अलेक्झांडरचा जन्म ३ मार्च १८४७ रोजी स्कॉटलंडमधील एडिंबरो या शहरात झाला. त्याचे आजोबा आणि वडील दोघेही शुद्ध उच्चार कसे करावेत, हे शिकवत. त्याच्या वडिलांनी उच्चारांची एक चित्रलिपी तयार केली होती. जीभ, ओठ आणि घसा यांची ठेवण कशी असावी, हे त्या लिपीवरून समजत असे. आईला मात्र फारच कमी ऐकू येई. ती कानाला नळी लावून ऐकण्याचा प्रयत्न करी. अलेक्झांडरने बोटांच्या खुणांनी अक्षरे दाखवायला शिकून घेतले. घरात कोण काय बोलत आहे, हे तो आईला खुणांनी सांगे. तिच्या कपाळाजवळ तोंड नेऊन तो हळू, स्पष्ट बोले. मग आवाजाची कंपने तिला जाणवत. आवाज म्हणजे काय आणि तो कसा पोहोचतो, हा प्रश्न त्याच्या मनात घरातच रुजला.

मुलगा खटपटी होता. त्याच्या एका मित्राच्या वडिलांची पिठाची गिरणी होती. गव्हावरची साले काढायला तेथे फार वेळ लागे. बारा वर्षांच्या अलेक्झांडरने खिळ्यांचे ब्रश बसवलेले एक फिरते यंत्र बनवले. त्याने साले लवकर निघू लागली. खूश होऊन गिरणीमालकाने त्या दोन मुलांना खटपटी करण्यासाठी एक छोटी जागा दिली. पुढे अलेक्झांडर आणि त्याचा थोरला भाऊ यांनी मिळून बोलणारे डोके तयार केले. भात्याने हवा भरली की त्या डोक्यातून माणसासारखा आवाज निघे.

पण या घरावर दुःखाचे डोंगर कोसळले. धाकटा भाऊ १८६७ साली क्षयाने वारला. तीन वर्षांनी थोरलाही त्याच रोगाने गेला. अलेक्झांडरची प्रकृतीही बरी नव्हती. उरलेला एकुलता एक मुलगा तरी वाचावा, म्हणून आईवडिलांनी मायदेश सोडला. १८७० साली हे कुटुंब कॅनडात आले. मोकळ्या हवेत अलेक्झांडरची तब्येत सुधारली. पुढच्याच वर्षी तो अमेरिकेतील बॉस्टन शहरात गेला आणि कर्णबधिर मुलांना शिकवू लागला. त्याच्या विद्यार्थ्यांमध्ये मेबल हबर्ड नावाची एक हुशार मुलगी होती. पाच वर्षांची असताना तापाने तिची ऐकण्याची शक्ती गेली होती. पुढे १८७७ साली बेल यांचा तिच्याशी विवाह झाला.

दिवसा शिकवणे आणि रात्री प्रयोग, असा बेल यांचा क्रम होता. थॉमस वॉटसन हा कुशल कारागीर त्यांच्या मदतीला होता. तारेतून माणसाचा आवाज पाठवता येईल, असा बेल यांचा विश्वास होता. ७ मार्च १८७६ रोजी त्यांना या शोधाचे पेटंट मिळाले. तीनच दिवसांनी त्यांनी एका खोलीतून यंत्रात तोंड घालून वॉटसनला हाक मारली. दुसऱ्या खोलीत वॉटसनला ती यंत्रातून स्पष्ट ऐकू आली. या शोधावर इतरांनीही हक्क सांगितला आणि कोर्टकचेऱ्या खूप झाल्या. पण पेटंट बेल यांच्याकडेच राहिले. १८८० साली फ्रान्स सरकारने त्यांना पन्नास हजार फ्रँकचे व्होल्टा पारितोषिक दिले. ही रक्कम त्यांनी स्वतःवर खर्च केली नाही. तिच्यातून त्यांनी वॉशिंग्टन शहरात प्रयोगशाळा उभारली.

आता १८८१ साल उजाडले. जेम्स गारफिल्ड हे अमेरिकेचे नवे राष्ट्राध्यक्ष झाले होते. त्यांना अधिकारावर येऊन चार महिनेही पुरे झाले नव्हते. २ जुलैच्या सकाळी ते वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकावर आले असता एका माथेफिरूने मागून त्यांच्यावर दोन गोळ्या झाडल्या. एक गोळी हाताला चाटून गेली. दुसरी पाठीत शिरली आणि शरीरातच राहिली. ती नेमकी कोठे आहे, हे कोणालाच कळेना.

त्या काळी क्ष-किरणांचा शोध लागलेला नव्हता. तो लागला १८९५ साली. शरीराच्या आत पाहण्याचा दुसरा कोणताही मार्ग डॉक्टरांजवळ नव्हता. म्हणून ते जखमेत बोटे आणि सळ्या घालून गोळी चाचपून पाहत. हात आणि अवजारे जंतुरहित करावीत, हे इंग्लंडमधील डॉक्टर लिस्टर कळकळीने सांगत होते. परंतु अमेरिकेतील बऱ्याच डॉक्टरांना ते पटलेले नव्हते. न धुतलेल्या हातांनी जखम पुन्हा पुन्हा उकरली गेली. राष्ट्राध्यक्षांना ताप येऊ लागला.

ही खबर वर्तमानपत्रांत रोज छापून येत होती. ती वाचून बेल अस्वस्थ झाले. टेलिफोनच्या तारांमध्ये नको असलेला आवाज येतो, तो घालवण्यासाठी त्यांनी पूर्वी काही प्रयोग केले होते. त्या वेळी त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली होती. तारेच्या वेटोळ्याजवळ धातूचा तुकडा आणला की आवाजात फरक पडतो. मग याच फरकावरून शरीरातली गोळी का शोधता येऊ नये?

हे यंत्र कसे चालते, ते समजून घेऊ. तारेच्या एका वेटोळ्यातून विजेचा प्रवाह सारखा तोडत आणि जोडत सोडला, तर त्याभोवतीचे चुंबकीय क्षेत्र सारखे बदलत राहते. त्यामुळे शेजारच्या दुसऱ्या वेटोळ्यातही प्रवाह उत्पन्न होतो. ही दोन वेटोळी एकमेकांवर थोडी सरकवून अशी ठेवता येतात, की दुसऱ्या वेटोळ्यातील परिणाम जवळजवळ शून्य होतो. जणू तराजूची दोन्ही पारडी समान झाली. दुसऱ्या वेटोळ्याला टेलिफोन जोडून कानाला लावला, तर अशा वेळी काहीच ऐकू येत नाही. पण धातूचा तुकडा जवळ आला की पारडे झुकते आणि टेलिफोन गुणगुणू लागतो. अशा विजेच्या तराजूची कल्पना डेव्हिड ह्यूज या शास्त्रज्ञाने १८७९ साली मांडली होती. बेल यांनी ती कल्पना कामाला लावली.

बेल आणि त्यांचे सहकारी सम्नर टेंटर यांनी कामाला जुंपून घेतले. वॉशिंग्टनमध्ये कडक उन्हाळा होता. त्यांनी मांसाच्या तुकड्यात गोळी लपवून ती यंत्राने शोधली. यादवी युद्धात लढलेल्या काही जुन्या सैनिकांच्या अंगात गोळ्या तशाच राहिल्या होत्या. त्यांच्यावरही यंत्र चालवून पाहिले. गोळीजवळ येताच यंत्र बोलू लागे. बेल यांना आशा वाटू लागली.

२६ जुलैच्या संध्याकाळी बेल यंत्र घेऊन राष्ट्राध्यक्षांच्या खोलीत गेले. जखमी गारफिल्ड पलंगावर पडून होते. त्यांचा चेहरा पांढराफटक झाला होता. बेल यांनी टेलिफोन कानाला लावला. यंत्रातून सारखी खरखर येत होती. काहीच नीट कळले नाही. यंत्राच्या जोडणीत एक चूक राहून गेल्याचे मागाहून लक्षात आले. बेल यांनी ती दुरुस्त केली आणि १ ऑगस्टला ते पुन्हा गेले. या वेळी यंत्र उत्तम चालत होते. पण एका ठिकाणी स्पष्ट आवाज येण्याऐवजी बऱ्याच मोठ्या भागावर क्षीण आवाज येत राहिला. हे कसे घडावे? एक लहानशी गोळी एवढ्या जागेत कशी असेल?

बेल यांनी चौकशी केली. पलंगाजवळ दुसरा काही धातू होता काय? तेव्हा कळले, की राष्ट्राध्यक्षांच्या अंथरुणाखाली स्टीलच्या तारांनी विणलेली गादी होती. त्या काळी अशा गाद्या नवीनच निघाल्या होत्या. शिवाय दुसरी एक अडचण होती. गोळी उजव्या बाजूला आहे, असे मुख्य डॉक्टरांचे ठाम मत होते. त्यांनी बेल यांना उजवीकडेच तपास करू दिला. गोळी तर डाव्या बाजूला, खूप आत होती. यंत्र नीट होते. पण ते योग्य जागी फिरवलेच गेले नाही आणि भोवतालचा धातूही कोणाच्या लक्षात आला नाही. यंत्राच्या अपयशाची ही दोन कारणे अभ्यासकांनी पुढे सांगितली.

याच दिवसांत बेल यांच्या स्वतःच्या घरी संकट आले. १५ ऑगस्टला मेबलने एका मुलाला जन्म दिला. तो दिवस भरण्यापूर्वीच जन्मला होता. त्याला नीट श्वास घेता येईना आणि काही तासांतच तो दगावला. पुढच्या महिन्यात, १९ सप्टेंबर १८८१ रोजी, राष्ट्राध्यक्ष गारफिल्डही मरण पावले. गोळीपेक्षा जखमेत शिरलेल्या जंतूंनी त्यांचा घात केला, असे आज बहुतेक जाणकार मानतात.

एकाच उन्हाळ्यात दोन आघात! दुसरा एखादा हात जोडून बसला असता. बेल यांनी पुन्हा अवजारे हाती घेतली. श्वास घेता न येणाऱ्या रोग्यासाठी त्यांनी धातूचे एक जाकीट तयार केले. त्यातील हवेचा दाब कमीजास्त करून छाती हलवता येई. गोळी शोधण्याच्या यंत्रावरचे कामही त्यांनी सोडले नाही. टेलिफोनला जोडलेली एक बारीक सुई त्यांनी बनवली. सुईचे टोक गोळीला लागले की टेलिफोनमध्ये टक् असा आवाज येई. १८८२ साली त्यांनी आपले सर्व प्रयोग, यशासह आणि अपयशासह, शास्त्रज्ञांपुढे मांडले. आपले कोठे चुकले, हे त्यांनी लपवून ठेवले नाही.

पुढील आयुष्यातही त्यांची जिज्ञासा थकली नाही. कॅनडातील नोव्हा स्कॉशिया येथे सरोवराकाठी त्यांनी घर बांधले. त्यांच्या सहकाऱ्यांनी बनवलेले विमान १९०९ साली तेथे गोठलेल्या सरोवरावरून उडाले. आंधळ्या आणि बहिऱ्या हेलन केलरला योग्य शिक्षिका मिळावी, यासाठी तिच्या वडिलांना बेल यांनीच मार्ग दाखवला होता. मात्र कर्णबधिर मुलांनी खुणांची भाषा न वापरता तोंडानेच बोलावे, असा त्यांचा आग्रह होता. खुणांची भाषा ही स्वतंत्र आणि संपूर्ण भाषा आहे, हे आता मान्य झाले आहे. म्हणून त्यांचा तो आग्रह चुकीचा होता, असे आज अनेकांना वाटते. मोठी माणसेही सर्वच बाबतींत बरोबर नसतात. २ ऑगस्ट १९२२ रोजी बेल यांचे निधन झाले. त्यांच्या अंत्यविधीच्या वेळी त्यांना मान देण्यासाठी अमेरिका आणि कॅनडातील टेलिफोन मिनिटभर बंद ठेवण्यात आले.

बेल गेले, पण ऐकणारे यंत्र मागे राहिले. त्याचा पुढचा प्रवास मोठा मौजेचा आहे. अमेरिकेत स्थायिक झालेले गेरहार्ड फिशर विमानांना दिशा दाखवणारी रेडिओ यंत्रे बनवत. धातूजवळ ही यंत्रे चुकतात, हे त्यांनी पाहिले आणि त्या चुकीचाच उपयोग करून हातात धरता येणारे धातुशोधक यंत्र तयार केले. १९३७ साली त्यांना त्याचे पेटंट मिळाले. दुसऱ्या महायुद्धात पोलंडचे अधिकारी युझेफ कोसाट्स्की यांनी जमिनीत पुरलेले सुरुंग शोधण्याचे यंत्र बनवले. १९४२ साली इजिप्तच्या वाळवंटात, एल अलामेनच्या लढाईत, त्याने अनेक सैनिकांचे प्राण वाचवले.

युद्धानंतर ही यंत्रे हलकी झाली आणि सोने शोधणाऱ्यांच्या हाती आली. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात, काल्गुर्ली येथे, १८९३ सालीच सोने सापडले होते. तेथे माती धुवायला पाणी नव्हते. लोक माती वाऱ्यावर उधळून सोने वेगळे करत, जसा शेतकरी धान्य उफणतो. अन्न, पाणी आणि सामान पोहोचवण्याचे कठीण काम बलुचिस्तान, सिंध, पंजाब आणि अफगाणिस्तानातून गेलेल्या उंटवाल्यांनी केले. त्याच रखरखीत प्रदेशात आज लोक धातुशोधक यंत्र घेऊन फिरतात. अमेरिकेतील मोहावी वाळवंटात १९७७ साली अशाच यंत्राने जवळजवळ पाच किलो वजनाचा सोन्याचा गोळा सापडला.

असे पहिले यंत्र निवडताना नवखा माणूस काय पाहतो? बहुधा किंमत, किंवा यंत्र किती खोल शोधते, हे. पण जाणकार आधी जमीन पाहतो. वाळवंटातील लाल मातीत लोखंडाचे कण भरलेले असतात. काही दगडांतही लोखंड असते. सोने नसतानाही ही माती आणि हे दगड यंत्राला बोलायला लावतात. गारफिल्ड यांच्या गादीतील तारांसारखीच ही फसवणूक आहे.

बाजारात मुख्यतः दोन प्रकारची यंत्रे मिळतात. पहिल्या प्रकारचे यंत्र चुंबकीय लहरी सतत सोडते. ते हलके आणि कमी खर्चाचे असते. ज्वारीच्या दाण्याहून लहान सोन्याचा कणही ते वरच्या थरात पकडू शकते. लोखंडी खिळा आहे की दुसरा धातू, याचा थोडाफार अंदाजही ते देते. परंतु लोहयुक्त मातीत ते फार किरकिर करते. दुसऱ्या प्रकारचे यंत्र विजेचा एक छोटा ठोका देते, थांबते आणि मग ऐकते. त्या क्षणभराच्या थांबण्यामुळे मातीचा गोंगाट पुष्कळसा विरून जातो आणि खोलवरचा मोठा तुकडा ऐकू येतो. मात्र हे यंत्र महाग असते आणि पुष्कळदा जडही असते. लोखंड आणि सोने यांतला फरक त्याला फारसा सांगता येत नाही. त्यामुळे खिळे आणि पत्र्याचे तुकडे खणून काढावे लागतात.

म्हणून ज्याला सौम्य जमिनीत, उथळ आणि बारीक सोने शोधायचे आहे, त्याला पहिले यंत्र पुरते. ज्याला लोखंडाने भरलेल्या लाल वाळवंटातच जायचे आहे, त्याला दुसऱ्याचा खर्च परवडतो का, हे पाहावे लागते. वेटोळ्याचाही विचार करावा लागतो. लहान वेटोळे बारीक कण आणि झुडपांमधील जागा यांसाठी बरे. मोठे वेटोळे खोल जाते, पण हात भरून येतो. दिवसभर उन्हात पेलेल एवढेच वजन घ्यावे. ओळखीच्या माणसाचे यंत्र काही दिवस वापरून पाहिले, तर फारच उत्तम.

यंत्र घेतल्यावर पहिला धडा सोने शोधण्याचा नसतो. पहिला धडा यंत्राला गप्प करण्याचा असतो. वेटोळे जमिनीजवळ वरखाली करत मातीचा आवाज कमी करावा लागतो. बेल यांनी वेटोळी सरकवून टेलिफोन शांत केला होता, तसेच हे. मग शिशाचा एक छोटा तुकडा मातीत पुरून त्याचा आवाज ऐकतात, कारण शिसे आणि सोने यांचा आवाज यंत्रात बराच सारखा येतो. बेल ज्या गोळीचा शोध घेत होते, तीही शिशाचीच होती!

आणि यंत्र कितीही चांगले असले, तरी वाळवंटात भरपूर पाणी सोबत लागते. आपण कोठे जात आहोत, हे घरी सांगून जावे लागते. सरकारचा परवाना आणि जमीनमालकाची परवानगी घ्यावी लागते. खणलेला खड्डा बुजवावा लागतो.

यंत्र ऐकते, पण काय ऐकायचे आणि कोठे ऐकायचे, हे माणसाने ठरवायचे असते. बेल यांना खोलीतील सर्व धातू दूर करता आला असता आणि दोन्ही बाजू तपासता आल्या असत्या, तर निदान गोळीची खरी बाजू तरी कळली असती. भोवतालची जमीन न ओळखता आणि एकाच मताला चिकटून शोध घेतला, तर उत्तम यंत्रही हात टेकते. हा धडा बेल यांना फार मोठ्या किमतीला मिळाला. वाळवंटात पहिले यंत्र घेऊन उभ्या राहणाऱ्या माणसाला तो फुकट मिळतो. त्याने फक्त तो ध्यानात ठेवायला हवा.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) बेल आपल्या आईशी कसे बोलत?
(आ) गारफिल्ड यांच्या अंथरुणाखाली काय होते?
(इ) काल्गुर्लीच्या वाळवंटात सामान कोणी पोहोचवले?

२. कारणे लिहा.
(अ) डॉक्टरांना गोळीची जागा कळेना.
(आ) लाल मातीत पहिल्या प्रकारचे यंत्र किरकिर करते.

३. जमीन, आवाज, जखम, शहर, खबर हे शब्द उर्दूतही आहेत. त्यांचा उपयोग करून प्रत्येकी एक मराठी वाक्य लिहा.

४. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : रात्रीचा दिवस करणे, ध्यानात ठेवणे, हात टेकणे.